दोन हाका, एक खाडा

सकाळी बरोबर नऊ वाजता आभाळातून एक हाक आली, आणि ती कुणी मारली हेच कुणाला कळेना.

"बा."

बस्स, एवढंच. आगा ना पिछा. आवाज बाप्याचा की बाईचा, तरण्याचा की म्हाताऱ्याचा, कशाचा पत्ता नाही. पत्र्यावर खडा पडावा तसा एक 'बा' कर्ण्यातून टपकला आणि पुन्हा सगळं चिडीचूप.

अकरा वर्षांची बनू, म्हणजे बनशंकरी, चाळीस दिवस याच एका गोष्टीची वाट बघत होती. घरात ती बापाला 'बा' म्हणायची. तिनं समोरच्या हिरव्या बटणाकडं हात नेला, तोच आज्जीनं तिचं मनगट धरलं. मायाक्काची पकड म्हणजे पळती मेंढी एका हातानं थांबवणारी पकड. सुटायचं नाव नाही.

"आज्जी, सोड की. बाच हाय त्यो."

"गप ऱ्हा. पयल्या हाकंला ओ द्यायची नसती."

हे सगळं चाललं होतं ऐकणघरात. जत तालुक्यातल्या मुरमाड माळावर आकाश-श्रवण केंद्र उभं आहे. पण एवढं लांबलचक नाव घ्यायला गावाला सवड कुठली, म्हणून ऐकणघर. खळ्याएवढ्या बारा पांढऱ्या तबकड्या तिथं आभाळाकडं तोंड वासून बसलेल्या. त्यांच्याभोवती लांबवर सौरपट्ट्या (उन्हापासून वीज करणाऱ्या काळ्या काचा), आणि त्या पट्ट्यांखाली मायाक्काची दोनशे मेंढरं. गवत माजलं की काचांवर सावली पडते आणि वीज घटते. गवत कापायला मोठ्या शहरातून यंत्रं आणली होती, ती दोन महिन्यांत दगड खाऊन मेली. मेंढरं दगड खात नाहीत. मग केंद्रानं मायाक्काला रीतसर बोलावणं धाडलं. रीतसर बोलावल्याशिवाय ती कुणाच्या लग्नालासुद्धा जात नसे.

आज मात्र बोलावणं मेंढरांसाठी नव्हतं. मायाक्काचा लेक, म्हणजे बनूचा बाप बिराप्पा, 'चातक' नावाच्या यानातून गुरू ग्रहाकडं गेला होता. गुरूच्या एका चंद्रावर कोसच्या कोस जाडीचं बर्फ आहे आणि त्याच्याखाली पाणी असावं असं शास्त्रज्ञ म्हणतात. ते बर्फ भोसकायला बोअर मारणारा मिस्त्री हवा होता. बोअर मारण्यात बिराप्पाचा हात धरणारं कुणी नव्हतं. सातशे फुटांवर कोरडी धूळ निघणाऱ्या मुलखातला माणूस तो, पाण्यापायी कुठंही जाणारच.

यानात एकंदर पाच माणसं. एक जपानची बाई, एक व्हिएतनामचा गडी, एक चीनचा, एक भावनगरची पारुल आणि आपला बिराप्पा. चाळीस दिवसांमागं गुरूभोवती किरणांची वावटळ उठली. तिनं यानाची मोठी तबकडी जाळली आणि आकडेमोड करणारा संगणकही जाळला. तेव्हापासून हूं की चूं नाही. आणि आज हा 'बा'.

"डॉक्टरीणबाई," मायाक्का म्हणाली, "एवढ्या लांबनं हाक मारायची तर धड वाक्य तरी बोलावं माणसानं."

ऐकणघराच्या प्रमुख डॉ. तसनीम मुल्ला या सुई टोचणाऱ्या डॉक्टर नव्हेत, ध्वनिशास्त्राच्या (आवाज कसा होतो नि कसा जातो त्या विद्येच्या) डॉक्टर. मायाक्काला हा फरक ठाऊक होता, पण मान्य नव्हता.

"मावशी, त्यांच्याजवळ आता फक्त एक छोटं संकटयंत्र उरलंय," मुल्लाबाई म्हणाल्या. "यान भोवऱ्यासारखं फिरतंय, पण सावकाश. दोन तासांनी एकदा त्याचं तोंड पृथ्वीकडं येतं, तेवढ्यात जेमतेम एक अक्षर सुटतं. आणि वाट इतकी लांब की ते अक्षर इथं पोचायला पाऊण तास लागतो. वाटेत आवाजाचा रंग आणि सूर गळून पडतो. उरतं ते नुसतं हाडूक."

"मग हे बटण कशाला?" बनूनं विचारलं.

मुल्लाबाई तिच्याशेजारी बसल्या. डोळे लाल, चाळीस दिवसांचं जागरण त्यांच्याही खात्यावर होतं. "यानाला घरी यायचं तर गुरूच्या मागं गेल्यावर एका नेमक्या क्षणी इंजिन पेटवावं लागतं. तो क्षण कोणता, हे आम्ही इथं मोजून काढलंय. त्यांना तो कळवायचाय. पण पाचही जणांच्या कानात वेगवेगळी यंत्रं आहेत आणि प्रत्येकाची कंप्रता वेगळी. कंप्रता म्हणजे एका सेकंदात लाट किती वेळा हलते तो आकडा. वीज वाचवायला त्यांनी चार यंत्रं बंद ठेवली असणार. जो हाक मारतोय, त्याचंच तेवढं चालू. आणि आमच्यापाशी वीज आहे ती एकाच उत्तरापुरती. चुकीच्या कानात ओरडलो तर..."

पुढचं बनूला कळलं.

म्हणून पाचही घरांना बसवलं होतं. चार घरं पडद्यावर आणि हे पाचवं समोर. हाक आपल्या माणसाची वाटली तर हिरवं बटण दाबायचं. चौघांनी पहिल्याच फटक्यात दाबलं. पाचव्या घराचं बटण तसंच राहिलं, कारण आज्जीनं नातीचं मनगट सोडलं नव्हतं.

"पाच नंबरच्या घरानं ओळख दिलेली नाही," कोपऱ्यातून आवाज आला. "बिराप्पा यांची शक्यता शेकडा चार."

हा बोलणारा यंत्रमानव. कागदोपत्री त्याचं नाव भाषक-नऊ. त्याला तीनशे भाषा येत. मायाक्कानं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकून त्याला पोपट केलं, आणि आता मुल्लाबाईसुद्धा त्याला तशीच हाक मारत.

"मुडद्या, चार कसं?" मायाक्का म्हणाली. "माझं लेकरू काय खिरापत हाय वाटून खायला?"

"आज्जी, मी फक्त मोजतो," पोपट म्हणाला. "जपानी भाषेत 'बा' म्हणजे जागा. कदाचित त्या बाई म्हणत असतील, उतरायला जागा सापडली. व्हिएतनामी भाषेत 'बा' म्हणजे तीन. त्यांच्या दक्षिणेकडं बापालाही 'बा' म्हणतात. चिनी भाषेत सूर वर सपाट धरला तर 'बा' म्हणजे आठ, आणि तोच सूर खाली पाडला तर बाप. सूर तर गळून पडलाय. गुजरातीत 'बा' म्हणजे आई. कन्नडात 'बा' म्हणजे ये. मराठीत तुमच्याकडं 'बा' म्हणजे वडील. फार फार वर्षांपूर्वी नाईल नदीकाठचे लोक माणसाच्या जिवालाच 'बा' म्हणत, आणि त्याचं चित्र पाखराचं काढत. पाखराला तोंड माणसाचं."

बनूला ते पाखरू आवडलं. पण लगेच तिला रागही आला. तिच्या घरातला शब्द. रोज संध्याकाळी बापाच्या फटफटीचा आवाज आला की ती ज्या शब्दानं धावत सुटायची तो, आणि तो साऱ्या जगानं असा आपापल्या खुंटीला टांगून ठेवलेला.

"एकाच शब्दाचे एवढे अर्थ कसे?" ती म्हणाली. "कुणीतरी चोरला असणार."

"कुणी चोरलेला नाही," पोपट म्हणाला. "तू हिशेब कर. मराठीत व्यंजनं धर पस्तीस आणि स्वर धर दहा. एका अक्षराचे शब्द किती होतील?"

"साडेतीनशे."

"आणि जगात भाषा सात हजारांच्या आसपास. सगळ्यांना रोजच्या गोष्टींसाठी आखूड शब्द हवेत. कप्पे थोडे आणि सामान फार. मग एकाच कप्प्यात कुणी आई ठेवतं, कुणी आठ ठेवतं. त्यात 'बा' हा ओष्ठ्य ध्वनी (ओठांनी होणारा आवाज). ओठ मिटायचे आणि उघडायचे, झालं. दात नसलेल्या बाळालाही जमतं. बाळ नुसतं 'बाबाबा' करत असतं, त्याला काही म्हणायचं नसतं. पण आईला वाटतं मलाच हाक मारली, बापाला वाटतं मला."

"हे मातूर खरं बोललास," मायाक्का म्हणाली. "आमच्या येळंला सासू म्हणायची मला म्हणतंय."

पडद्यावरून भावनगरच्या जसुबेन काहीतरी बोलल्या. पांढऱ्या साडीतल्या, हाडकुळ्या, हातात जपमाळ. पारुलची आई. पोपटानं मराठी केलं: "त्या म्हणतात, माझी मुलगी मला बा म्हणते. ती मलाच बोलावतेय. तुमचं बटण दाबलं नाही, तुम्हाला लेकाची आठवण येत नाही का?"

बनूला वाटलं आता आज्जी त्या पडद्याच्या चिंध्या करणार. पण मायाक्का नुसती पदर नीट करत राहिली.

"त्यास्नी सांग," ती शेवटी म्हणाली, "चाळीस दिस झालं, मी भाकरी दोनदा थापतीया. एकदा भुकंची आन् एकदा त्याच्या वाटची. त्याच्या वाटची कुत्र्याला घालती. आठवण म्हंजे काय आसती ते मला शिकवू नगा म्हणावं."

पोपटानं काय भाषांतर केलं कोण जाणे. जसुबेननी माळ कपाळाला लावली आणि मान खाली घातली.

अकरा वाजता दुसरी हाक आली.

"बा."

चारही घरांची बटणं पुन्हा पेटली. बनूचा हात पुन्हा गेला आणि पुन्हा अडकला. आता तिला रडूच फुटलं.

"आज्जी, अगं त्यो बोलावतोय आन् तू घुम्यावानी बसलीस. आपुन ओ न्हाई दिली तर त्याला वाटंल आपल्याला त्यो नगोय."

"त्याला तसलं काय वाटायचं न्हाई. त्यो धनगराचा हाय."

यामागं एक रीत होती. मायाक्काच्या घराण्यात माळावर मेंढरं घेऊन हिंडताना पहिल्या हाकेला कुणी ओ देत नसे, दुसऱ्याही नाही. माळावर चकवा असतो म्हणत. वाट चुकवणारा. तो माणसाच्या आवाजात हाक मारतो, ओ दिली की नेतो आडरानात. चकवा खरा की खोटा ते बाजूला ठेवा. धुक्यात, धुरळ्यात, वाऱ्यात कानाला भास होतात हे काही खोटं नाही. भासाच्या मागं गेलेली मेंढरं दरीत गेल्याचं मायाक्काच्या सासऱ्यानं पाहिलं होतं. म्हणून तिसऱ्या हाकेला ओ द्यायची.

बनूला हे माहीत होतं. सात वर्षांची असताना ती वावटळीत टेकाडापलीकडं हरवली होती. बापानं हाक मारली, "बनू". थोड्या वेळानं पुन्हा, "बनू". मग काहीच नाही. त्या रिकाम्या वेळात तिला वाटलं की बा आपल्याला सोडून गेला, आणि तेवढ्यात तिसरी हाक आली. तिनं ओ दिली. घोंगडीत गुंडाळून घरी नेताना त्यानं काहीतरी सांगितलं होतं, त्या मधल्या गप्प राहण्याबद्दल. काय ते आता तिला नीट आठवेना. वावटळ आठवत होती आणि घोंगडीचा वास.

जेवणवेळ झाली. मायाक्कानं फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. मुल्लाबाईंपुढं न विचारता एक भाकरी सरकवली आणि पोपटाकडं बघून म्हणाली, "तू तेल पी."

"मला एक समजत नाही," बनू घास हातातच धरून म्हणाली. "शब्द तोच, आवाज तोच. मग अर्थ असतो कुठं? शब्दाच्या आत तर नाही."

मुल्लाबाईंनी तोंड उघडलं होतं, पण मायाक्का आधी बोलली. खिडकीतून तिनं मेंढरं दाखवली. "त्या मेंढराच्या पाठीवर लाल पट्टा हाय. काय म्हंजे?"

"आपलं हाय म्हंजे."

"हां. आन् पलीकडं बिळूरच्या सिदाप्पाच्या कळपात लाल पट्टा आसला तर?"

"ते बाजारला काढलेलं म्हंजे."

"आन् त्या सरकारी ढोरडाक्टरानं लाल पट्टा वडला तर?"

"लस टोचलेलं."

"मग लाल रंगात काय हाय? रंगात कायबी न्हाई. तुमी-आमी मिळून ठरवलं त्येच्यात हाय. रंग किती, तर चार डबडी. कळप किती, तर तालुका भरून. मग एकच रंग धा जण वापरणार. बघणाऱ्याला कळप ठावं पायजे, रंग न्हवं."

मुल्लाबाई चावायच्या थांबल्या. "मावशी, आमच्या विद्येत याला संकेत म्हणतात (माणसांनी आपसात ठरवलेली खूण). हे मला कळायला कॉलेजची दोन वर्षं लागली होती."

"तुमच्याकडं मेंढरं नसतील," मायाक्का म्हणाली.

एक वाजला. सगळे कर्ण्याकडं तोंड करून बसले.

काही नाही.

एक वाजून एक मिनिट. दोन. पाच. तबकड्यांची घरघर तेवढी चालू होती. पडद्यावर कुणीतरी हुंदका दिला.

"संकटयंत्राची वीज संपली," मुल्लाबाई हळू म्हणाल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "आता थांबून उपयोग नाही. पोपट, शक्यता?"

"चिनी सदस्य शेकडा एकेचाळीस, पारुल शेकडा एकोणतीस, व्हिएतनामी सदस्य सतरा, जपानी बाई नऊ, बिराप्पा चार."

"मग चीनच्या कंप्रतेवर पाठवायची तयारी कर. मावशी, आमची साठवलेली वीज गळक्या घागरीसारखी आहे. आता सोडली तर नक्की पोचते. तीन वाजेपर्यंत थांबलो तर पोचेल की अर्ध्या वाटेत विरेल, मी सांगू शकत नाही. आणि चारला यान गुरूच्या आड जाईल."

मायाक्का उठून उभी राहिली. आतापर्यंत तिचा आवाज कधी कापला नव्हता, आता जरासा कापला. पण भीतीनं नव्हे. तिचा चेहरा उजळला होता.

"डॉक्टरीणबाई, हात आवरा. खाडा पडलाय."

"कसला खाडा?"

आणि बनूला घोंगडीचा वास आला. वावटळ, टेकाड, आणि छातीशी धरून चाललेल्या बापाचं बोलणं, सगळं एकदम. ती इतक्या जोरात उठली की भाकरी खाली पडली.

"मुल्लामॅडम, मी सांगते. आमच्यात हाक अशी मारतात. एक, दोन, मग एक खाडा. म्हणजे एक पाळी मोकळी सोडायची. आणि मग तिसरी. चकव्याला दम नसतो, तो एकामागं एक मारत सुटतो. आपला माणूस थांबतो. बा मला म्हणाला होता, आवाज कुणाचाही काढता येतो बनू, पण आपलं थांबणं कुणाला काढता येत नाही. तो खाडा म्हणजे माझी सही."

"बाळ, ती नुसती शांतता असू शकते. यंत्र मेलं तरी अशीच शांतता येते."

"असू शकते," बनू म्हणाली. "पण तो 'बा' तर पाच जणांचा असू शकतो. तुम्हीच म्हणालात सूर गळून पडतो, रंग गळून पडतो. मग त्यानं काय पाठवायचं, जे गळणार नाही? मोकळी जागा गळत नाही, मॅडम."

मुल्लाबाई पोपटाकडं वळल्या. पोपट म्हणाला, "माझ्या कोशात तीनशे भाषांचे शब्द आहेत. गप्प बसण्याला अर्थ लावलेला नाही. म्हणून मी ती पाळी मोजलीच नाही."

"तुजा दोष न्हाई," मायाक्का म्हणाली. "तुला कुणी माळावर न्हेलंय का?"

तेवढ्यात भावनगरच्या पडद्यावर हालचाल झाली. जसुबेननी आपलं हिरवं बटण पुन्हा दाबून विझवलं होतं. त्या हळूहळू बोलल्या आणि पोपटानं एकेक वाक्य सांगितलं: "माझ्या पारुलला मी जन्मापासून ओळखते. ती दोनदा हाक मारून तिसऱ्यांदा गप्प बसणारी नाही. शंभरदा ओरडेल. ही मुलगी म्हणते तो थांबणारा माणूस आमच्या घरातला नव्हे. थांबा. तो त्यांचा असेल तर माझीही त्याच्याबरोबरच येईल."

एवढं बोलून त्या बाईनं पदर डोळ्यांना लावला. आपल्या लेकीची हाक आपल्याच हातानं दुसऱ्याच्या पदरात टाकायची, याला काळीज लागतं. मायाक्का पडद्यासमोर गेली आणि तिनं त्या थंड काचेवर हात ठेवला. भाषा दोघींची निराळी होती. पोपटाला कुणी काही विचारलं नाही.

मुल्लाबाईंनी डोळे मिटले, उघडले. "पाठवू नका," त्या म्हणाल्या. "तीनपर्यंत थांबू."

ते दोन तास बनू कधी विसरली नाही. भिंतीवरच्या तक्त्यात साठवलेली वीज उतरताना दिसत होती, रांजणातलं पाणी उतरावं तशी. बाहेर मेंढरं पट्ट्यांच्या सावलीत बसून रवंथ करत होती, त्यांना गुरूची काळजी नव्हती. बनू मनात हिशेब करत होती. तीनला ऐकू येणारी हाक सव्वादोनला तिथून निघणार. म्हणजे आत्ता दोन वाजले, बा अजून गप्प बसलाय. आता दोन वाजून दहा. आता तो श्वास घेत असेल. आता निघाली. निघाली असेल तर आता वाटेत आहे, अंधारातून येतेय, एकटी.

नसेल निघाली तर? तिनं आज्जीच्या पदराचं टोक धरलं. आज्जीनं या वेळी मनगट धरलं नाही, बोटं धरली.

तीन वाजले.

कर्णा खरखरला.

"बा."

मायाक्कानं बटणाकडं बघितलंसुद्धा नाही. खिडकीबाहेरच्या आभाळाकडं तोंड करून, टेकाडापलीकडच्या पोराला द्यावी तशी, पोटातून तिनं ओ दिली. "ओऽऽ". मेंढरं दचकून उभी राहिली.

"बिराप्पांची कंप्रता," मुल्लाबाई ओरडल्याच. "पोपट, आकडा जोड. बनू, इकडं ये. आधी तू बोल. त्याला कळू दे की योग्य घरी पोचलं."

बनू ध्वनिग्राहकासमोर (आवाज पकडणाऱ्या जाळीसमोर) उभी राहिली. चाळीस दिवसांत तिनं त्याला सांगायच्या किती गोष्टी साठवल्या होत्या. कोकराला तिसरा दात आला, आई विजापूरच्या दवाखान्यात कामाला, तिथली पाळी सोडून येऊ शकली नाही पण रोज रडते, मी वर्गात पहिली नाही दुसरी आले. पण वीज तेवढी नव्हती.

"ओ," ती म्हणाली.

तिच्यामागोमाग पोपटानं आकडा सोडला. बारा तबकड्या एकदम गुणगुणल्या आणि तक्त्यातली वीज तळाला गेली. पावणेचारला ते उत्तर पोचायचं होतं, पोचलंच तर. चारला 'चातक' गुरूच्या आड गेलं. आता एकोणीस दिवस काही कळणार नव्हतं.

एकोणीस दिवस मायाक्का रोज दोनदाच भाकरी थापत राहिली. कुत्रं माजलं. बनू शाळेतून आली की ऐकणघराच्या पायरीवर बसायची आणि पोपट तिच्याशेजारी. तो आता वेगळाच कोश करत होता. कुठल्या मुलखात माणसं कुठं गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्यात काय ठेवतात, ते तो मेंढक्यांना, कोळ्यांना, दाराशी येणाऱ्या बोहारणीला विचारत सुटायचा. "शब्दांचे कप्पे थोडे आहेत," तो बनूला म्हणाला. "पण थांबण्याचे कप्पे मी मोजू शकलो नाही अजून."

"आज्जीला विचार," बनू म्हणाली. "ती रुसली की चार तऱ्हेनं गप्प बसते."

विसाव्या दिवशी सकाळी सगळे पुन्हा कर्ण्यासमोर. इंजिन वेळेवर पेटलं असेल तर यान गुरूच्या डाव्या कडेनं बाहेर यायचं, घराकडं तोंड करून. पेटलं नसेल तर दिसायचंच नाही. पडद्यावर जसुबेन होत्या, माळ हातात. मुल्लाबाई उभ्याच होत्या.

भिंतीवरच्या गुरूच्या चित्रात डाव्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा एक ठिपका उगवला.

आणि कर्ण्यातून आलं, "बा."

"ओ," मायाक्का लगेच म्हणाली.

जसुबेन हसत होत्या आणि रडतही होत्या. मुल्लाबाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. बनू मात्र आज्जीकडं टकमका बघत राहिली.

"आज्जी, पयल्या हाकंला दिलीस की गं. तिसरी कुठं आली?"

"वळख पटलीया," मायाक्का म्हणाली. "वळखीच्या माणसाला कुणी तिष्ठत ठेवतंय व्हय?" आणि ती तोंड फिरवून खिडकीबाहेरच्या एका गरीब मेंढीला उगाचच शिव्या देऊ लागली.

यान पोचायला अजून चौदा महिने होते. बनूनं ते बोटांवर मोजले, बोटं पुरली नाहीत. डाव्या कडेचा ठिपका तिनं बराच वेळ बघितला.

"आज्जी, त्यो 'बा' म्हंजे नेमकं काय म्हणत असंल? ये म्हणत असंल, का मी बा बोलतोय म्हणत असंल, का पोपट सांगत होता ते जिवाचं पाखरू?"

मायाक्कानं पदरानं नाक पुसलं.

"घरी आला की त्यालाच इचार."